पाना आणि करवत : जुन्या स्पोर्ट्स कारमधले नवे इंजिन

जुन्या स्पोर्ट्स कारचे मूळ इंजिन उतरवून तिच्यात आजचे इंजिन किंवा विजेची मोटर बसवणे हा युरोप-अमेरिकेत आता चांगला रुळलेला व्यवसाय आहे. बाहेरून पाहावे तर १९६०च्या दशकातली डौलदार गाडी. बॉनेट उघडावे तर आत वेगळाच काळ. या उद्योगाविषयी दोन टोकांची मते आहेत. एका पक्षाला ही विटंबना वाटते. दुसरा पक्ष म्हणतो, शेडमध्ये गंजत पडण्यापेक्षा गाडी रस्त्यावर धावलेली बरी. मी अभियंता नाही. जुनी माहितीपत्रके, दुरुस्ती-पुस्तिका, न्यायनिवाडे आणि सनदा वाचत वाचत या विषयात शिरलो. त्या वाचनातून एक गोष्ट लक्षात आली : दोन्ही पक्ष ‘मूळ गाडी’ हा शब्द गृहीत धरून भांडतात. प्रस्तुत लेखात तोच शब्द तपासायचा आहे.

आधी इंजिन बदलताना काय काय बदलावे लागते ते पाहू. उदाहरणादाखल जॅग्वार ई-टाइप घेऊ. ती मार्च १९६१मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात प्रथम दिसली. तिचे सहा सिलिंडरचे ३.८ लिटरचे ‘एक्सके’ इंजिन त्याहून जुन्या घराण्यातले. ते १९४८ सालीच लोकांसमोर आले होते. इंजिनाला तीन एसयू कार्ब्युरेटर. तिन्ही एकमेकांशी जुळवून घेणे हे कानाचे आणि सरावाचे काम. सुरुवातीच्या गाड्यांत पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नव्हते, त्यामुळे गाडी चालती असताना पहिला गिअर टाकला की दाते करकरत. गर्दीत इंजिन तापते, ही तक्रारही जुनीच.

अशा गाडीत जास्त ताकदीचे आधुनिक इंजिन बसवले की एक साखळीच सुरू होते. वाढलेला पीळ आधी क्लचवर येतो, मग गिअरबॉक्सवर, तिथून प्रोपेलर शाफ्टवर आणि शेवटी मागच्या डिफरन्शिअलवर. यातला जो दुवा दुबळा, तो तुटतो. इंधन फवारणारे इंजिन असेल तर जास्त दाबाचा पंप लागतो आणि बहुधा टाकीकडे परत जाणारी नळीही लागते. इंजिनाचा कारभार संगणक पाहणार असेल तर सेन्सर आले, वायरिंगचा नवा जुडगा आला. उष्णता वाढली म्हणून रेडिएटर मोठा, वेग वाढला म्हणून ब्रेक मोठे. पुढचे वजन बदलले की स्प्रिंगा आणि स्टिअरिंगची वागणूकही बदलते. म्हणूनच जाणते कारागीर पहिला प्रश्न विचारतात तो वजनाचा आणि ते कुठे पडते याचा. अश्वशक्तीचा आकडा नंतर.

इतके सगळे बदलल्यावर गाडी तीच राहिली का, हा प्रश्न रास्तच आहे. पण इतिहास इथे अवघड वळण घेतो. ज्यांना आज आपण अभिजात मानतो, त्यांतल्या काही गाड्या जन्मल्याच इंजिन बदलून. इंग्लंडमधल्या थेम्स डिटन इथल्या एसी कंपनीची ‘एस’ ही छोटी, हलकी गाडी घ्या. तिच्यातले ब्रिस्टलचे सहा सिलिंडरचे इंजिन मुळात युद्धपूर्व बीएमडब्ल्यू ३२८च्या आराखड्यावरून आलेले. ते मिळेनासे झाले, तेव्हा कॅरल शेल्बी या अमेरिकन शर्यतपटूने त्या गाडीत फोर्डचे व्ही-८ इंजिन बसवण्याची कल्पना मांडली. १९६२मध्ये ‘कोब्रा’ तयार झाली. वर सांगितलेली साखळी तिलाही चुकली नाही : पुढे सात लिटरचे इंजिन आले, तेव्हा चॅसिस आणि सस्पेन्शन नव्याने आखावे लागले. आज कोब्राला परके इंजिन बसवलेली गाडी म्हणून कोणी हिणवत नाही.

एमजीबीची कथा त्याहून बोलकी आहे. १९६२पासून विकली जाणारी ही गाडी, १७९८ सीसीचे चार सिलिंडरचे ओतीव लोखंडी इंजिन. अमेरिकेत ब्यूकसाठी बनलेल्या ॲल्युमिनियमच्या व्ही-८ इंजिनाचे हक्क ब्रिटनच्या रोव्हर कंपनीने १९६५मध्ये घेतले होते. केन कॉस्टेलो या कारागिराने १९७०च्या सुमारास ते साडेतीन लिटरचे इंजिन एमजीबीत बसवायला सुरुवात केली. सिलिंडर दुप्पट, पण ॲल्युमिनियममुळे वजनात फारसा फरक नाही; गाडीचा तोल बिघडला नाही. त्याच्या पाठोपाठ १९७३मध्ये खुद्द कंपनीनेच एमजीबी जीटी व्ही-८ बाजारात आणली. १९७६पर्यंत तिच्या २,५९१ गाड्या बनल्या. आता समजा, आज कोणाच्या हाती कॉस्टेलोने केलेली एखादी गाडी पडली आणि ‘मूळ’ रूप द्यायचे म्हणून त्याने तिच्यात चार सिलिंडरचे इंजिन परत घातले. त्याने जतन केले की इतिहास पुसला? माझ्या मते पुसला. पुरेसा काळ गेला की बदल हाही मूळचा भाग होतो.

हा प्रश्न १९९० साली लंडनच्या न्यायालयातही गेला. बेंटलीच्या ‘ओल्ड नंबर वन’ या स्पीड सिक्स गाडीने १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षे ल माँची शर्यत जिंकली होती. १९३२मध्ये तिच्यात आठ लिटरचे इंजिन घातले गेले. त्याच वर्षी ब्रुकलँड्सच्या शर्यतीत झालेल्या अपघातात चालक क्लाइव्ह डन्फी मरण पावला. गाडी पुन्हा उभी राहिली, तीही निराळ्या बांधणीत. पुढे ती एक कोटी पौंडांना विकण्याचा करार झाला. मात्र ही खरी ‘ओल्ड नंबर वन’ नव्हेच, असे म्हणत खरेदीदाराने पाऊल मागे घेतले. न्यायमूर्ती ऑटन यांनी एकेका भागाचा हिशेब पाहिला. १९२९च्या गाडीतले जवळजवळ काहीच उरले नव्हते. तरीही निकाल विक्रेत्याच्या बाजूने लागला. भाग बदलत गेले, पण गाडीचे सलग अस्तित्व कुठे तुटले नाही. प्रत्येक टप्प्याची नोंद होती आणि त्या नावावर हक्क सांगणारी दुसरी गाडी नव्हती. गाडीची ओळख धातूपेक्षा अखंड नोंदीत असते, असा त्या निकालाचा अर्थ मी लावतो.

ऐतिहासिक वाहनांच्या संघटनांचा जागतिक महासंघ, म्हणजे ‘फिवा’, याने दुसरी बाजू मांडली. त्याची ‘ट्युरिन सनद’ ही वास्तूंच्या जतनासाठी १९६४मध्ये झालेल्या ‘व्हेनिस सनदे’च्या नमुन्यावर बेतलेली आहे. फिवाच्या व्याख्येत ऐतिहासिक वाहन म्हणजे किमान तीस वर्षे जुने, इतिहासाला धरून योग्य स्थितीत राखलेले आणि रोजच्या दळणवळणासाठी न वापरले जाणारे वाहन. विजेवर केलेली जुनी गाडी या व्याख्येत बसत नाही, हे फिवाने स्पष्ट केले. पण तिथेच न थांबता सल्लाही दिला : बदल उलटवता येण्याजोगा ठेवा, काढलेल्या भागांवर खुणा करा, ते सांभाळा. मूळ यंत्रणा परत बसली की गाडी पुन्हा ऐतिहासिक ठरू शकेल.

जॅग्वारच्याच अभिजात विभागाने २०१७मध्ये दाखवलेली ‘ई-टाइप झिरो’ याच तत्त्वावर बेतलेली होती. ४० किलोवॉट-तासांची बॅटरी एक्सके इंजिनाच्या जागी, साधारण त्याच आकारमानाची आणि वजनाची. विजेची मोटर तिच्या मागे, गिअरबॉक्सच्या जागी. तिथून पुढे जुन्याच पद्धतीचा प्रोपेलर शाफ्ट. ताकद २२० किलोवॉट, आणि एकूण गाडी मूळपेक्षा ४६ किलो हलकी. सांगाडा न बदलल्यामुळे जुने इंजिन केव्हाही परत बसवता येईल, असे कंपनीचे म्हणणे होते. मे २०१८मध्ये ब्रिटिश राजपुत्र हॅरी आणि मेगन मार्कल लग्नानंतर अशाच गाडीतून निघाले, तेव्हा ती जगाने पाहिली.

कायद्यांची तुलनाही उद्बोधक आहे. मोठे बदल केलेल्या गाडीला जुना नोंदणी क्रमांक ठेवू द्यायचा की नाही, यासाठी ब्रिटनमध्ये बरीच वर्षे गुणपद्धत होती. चॅसिस किंवा मुख्य सांगाड्याला ५ गुण. सस्पेन्शन, ॲक्सल, गिअरबॉक्स-यंत्रणा आणि स्टिअरिंग यांना प्रत्येकी २. आणि इंजिनाला फक्त १. एकूण १४पैकी किमान ८ लागत. म्हणजे त्या हिशेबात इंजिन सर्वांत गौण. आपल्याकडे याच्या उलट. २०२१च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेतला व्हिंटेज क्रमांक मिळतो, पण ती मूळ रूपात हवी. चॅसिस, सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा फेरफार चालत नाही. उत्पादकाने ठरवलेली मूळ वैशिष्ट्ये बदलता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९मध्ये मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२चा अर्थ लावताना म्हटले. विजेचे किट बसवायचे तर ते पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त संस्थेने तपासलेले लागते. एकाच गाडीची ओळख एका देशात सांगाड्यात, दुसऱ्यात इंजिनातही. ‘मूळ’ हा शब्द किती सापेक्ष आहे, हे यावरून दिसावे.

मग कसोटी कोणती? मला ती कारागिराच्या हत्यारांत सापडते. जे पान्याने झाले ते पान्याने उलटवता येते. जे करवतीने झाले ते गेले. नवा गिअरबॉक्स मावावा म्हणून कापलेला मधला बोगदा, नवे इंजिन बसावे म्हणून ठोकून मागे सरकवलेला फायरवॉल : या पत्र्याला माघारी वाट नाही. पान्याच्या कामालाही दुसरी अट हवी, ती नोंदीची. भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. संपादकांनी एक संहिता निवडली, पण नाकारलेले पाठ फेकून दिले नाहीत. ते तळटीपांत ठेवले. पुढच्या अभ्यासकाला निवड पुन्हा तपासता यावी म्हणून. काढलेले इंजिन हा असाच एक पाठभेद आहे. ते क्रमांकासह, तेल घालून, फडक्यात गुंडाळून गाडीसोबत ठेवले पाहिजे. भंगारात गेले तर ती तळटीप कायमची पुसली गेली.

यातही काही गमावले जातेच. विजेच्या ई-टाइपला तीन कार्ब्युरेटर जुळवणाऱ्या कानाची गरज नाही. ते कौशल्य पेटीत घालून ठेवता येत नाही. ते चालत्या इंजिनावरच जगते. म्हणून ज्या नमुन्याच्या मोजक्याच गाड्या उरल्या आहेत, किंवा जी एखादी गाडी आजवर कोणी उघडलीच नाही, तिला हात लावू नये असे माझे मत आहे. ज्या हजारोंनी बनल्या आणि ज्यांची इंजिने आधीच अनेकदा बदलली गेली, त्यांच्याबाबतीत बंदी घालण्यापेक्षा शिस्त आणावी. पत्रा कापू नका, काढलेले जपा, केलेले लिहून ठेवा. पन्नास वर्षांनी कोणी ती गाडी उघडेल, तेव्हा आपण तिच्यात काय केले हे त्याला कळले पाहिजे. आणि पटले नाही, तर एक पाना घेऊन ते उलटवताही आले पाहिजे.