पोटाची जुनी तक्रार आणि आयुर्वेद

मंडळाच्या कार्यक्रमात मी वैद्य आहे हे कळलं की चहाच्या टेबलापाशी कोणीतरी हळूच बाजूला घेतं. "जरा विचारायचं होतं" अशी सुरुवात होते आणि प्रश्न बहुतेक वेळा पोटाचाच असतो. गॅस होतो, पित्त होतं, पोट साफ होत नाही. तीनचार वर्षांपासून होतं. घरात चूर्णाच्या पाचसहा बाटल्या असतात. एक नणंदेनं सांगितलेली, एक टीव्हीवर पाहिलेली, एक रेल्वेच्या प्रवासात कोणी दिलेली. कार्यक्रम सुरू होईपर्यंतच्या पाच मिनिटांत याचं उत्तर देता येत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे.

आयुर्वेदाचा वैद्य पहिल्यांदा पोटाकडे नाही, अग्नीकडे पाहतो. खाल्लेलं पचवण्याची जी शक्ती, ती अग्नी. ग्रंथांत त्याच्या चार अवस्था सांगितल्या आहेत. सम म्हणजे व्यवस्थित. विषम म्हणजे आज दोन पोळ्या सहज पचतात आणि उद्या अर्धी खाल्ली तरी पोट फुगतं. तीक्ष्ण म्हणजे सारखी भूक, जळजळ, जेवण दोन तास पुढे गेलं की डोकं चढतं. मंद म्हणजे थोडंसं खाल्लं तरी दिवसभर जड. ज्याला आपण सरसकट 'गॅस' म्हणतो तो यातल्या कुठल्याही अवस्थेत होऊ शकतो. म्हणूनच शेजारणीला लागू पडलेलं चूर्ण तुम्हाला लागू पडेलच असं नाही. तीक्ष्ण अग्नीच्या माणसानं सुंठ-मिरी-पिंपळी खाल्ली तर जळजळ वाढते, हे मी कितीदा तरी पाहिलं आहे.

कोष्ठही विचारात घ्यावा लागतो. मृदू कोष्ठाच्या माणसाला नुसत्या गरम दुधानंही पोट मोकळं होतं. क्रूर कोष्ठाच्या माणसाला रात्री जोराचं रेचक दिलं तरी सकाळी काही होत नाही. एकाच घरातल्या दोघा भावांत हा फरक असतो.

आता आपल्या इंदुराकडे येऊ. सकाळी पोहे-जलेबी, वर जिरावण आणि मूठभर शेव, संध्याकाळी कचोरी, आणि पाहुणे आले की रात्री दहानंतर सराफा. मी स्वतः इथेच वाढले आहे, सराफ्यातल्या भुट्ट्याच्या कीसाला नाव ठेवणार नाही. पण चरकांनी ग्रहणीच्या प्रकरणात तीन शब्द वापरले आहेत ते आपल्याला नेमके लागू पडतात. समशन म्हणजे पथ्याचं आणि अपथ्याचं एकत्र खाणं. विषमाशन म्हणजे कधी कमी, कधी जास्त, कधी अवेळी. आणि अध्यशन म्हणजे आधीचं पचायच्या आत वर आणखी खाणं. रात्री साडेआठला घरी वरण-भात-भाजी-पोळी जेवून दहाला सराफ्यात गराडू खाणं हे सरळसरळ अध्यशन आहे. जायचंच असेल त्या दिवशी घरी जेवू नका, इतकंच माझं म्हणणं असतं. हे सांगितलं की लोक हसतात, पण ज्यांनी पाळलं त्यांची सकाळची जळजळ कमी झाली.

किती खावं यावर चरकांचा हिशेब सोपा आहे. पोटाचे तीन भाग कल्पा. एक घन अन्नाला, एक पातळ पदार्थांना, एक वात-पित्त-कफाच्या हालचालीला मोकळा. आपल्याकडे पंगतीत आग्रह करकरून हा तिसरा भागही श्रीखंडानं भरतात.

वेग अडवणं हे दुसरं मोठं कारण, आणि याकडे कोणी लक्षच देत नाही. शौचाची, वाताची, भुकेची, झोपेची अशा तेरा नैसर्गिक वेगांना रोखू नये असं चरक एका स्वतंत्र अध्यायात सांगतात. शाळेतली मुलं स्वच्छतागृह घाणेरडं असतं म्हणून सकाळी सात ते दुपारी दोन अडवून धरतात. नोकरी करणाऱ्या बायका घरातल्या सगळ्यांचे डबे करून स्वतःला शेवटची पाच मिनिटं देतात. अशा बाईला त्रिफळा देऊन काय होणार? आधी तिला सकाळची पंधरा मिनिटं मोकळी मिळाली पाहिजेत. घरातल्या इतरांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

आता ताक. जुनाट पोटाच्या विकारात, विशेषतः ग्रहणीत, म्हणजे कधी पातळ, कधी घट्ट, जेवण होताच शौचाला धावावं लागणं अशा त्रासात, आयुर्वेदानं ताकाला औषधाचा दर्जा दिला आहे. ते हलकं, अग्नी वाढवणारं आणि मल बांधणारं. दह्यात निम्मं पाणी घालून घुसळून लोणी काढलेलं, ताजं, आंबट न झालेलं. त्यात भाजलेल्या जिऱ्याची पूड, चिमूटभर सुंठ, सैंधव. ज्यांना दूध सोसत नाही त्यांनाही ताक बऱ्याचदा सोसतं, कारण दही लागताना दुधातली बरीचशी साखर जिवाणूंनी वापरलेली असते. पण याच ग्रंथांत ताक कुणाला देऊ नये हेही आहे: उन्हाळ्यात, दुर्बळ माणसाला, घेरी किंवा दाह असताना, रक्तस्रावाच्या विकारात. मे महिन्यात फ्रिजमधलं आंबट ताक पेल्यावर पेले पिऊन "आयुर्वेदात सांगितलंय" म्हणणाऱ्यांनी हा भाग वाचलेला नसतो. आणि रात्री दही नको, हे तर आपल्या आज्याही सांगत होत्या.

बेलाचंही असंच. कोवळ्या, कच्च्या बेलफळाचा गर मल बांधतो आणि अग्नी वाढवतो. पिकलेलं बेलफळ पचायला जड आणि वात वाढवणारं. उन्हाळ्यात रस्त्यावर मिळणारं बेलाचं सरबत पिकलेल्या फळाचं असतं, त्यामुळे पातळ शौचाला औषध म्हणून ते पिण्यात अर्थ नाही.

चूर्णांविषयी थोडक्यात. हिंग्वाष्टकात सुंठ, मिरी, पिंपळी, अजमोदा, सैंधव, जिरे, शहाजिरे आणि हिंग असतं. मंद अग्नी आणि पोटफुगीत पहिल्या घासाबरोबर तुपात कालवून घ्यायचं. जेवणानंतर पाण्याबरोबर फक्की मारण्याची पद्धत सोयीची म्हणून पडली आहे. मीठ असल्यामुळे रक्तदाब असणाऱ्यांनी रोज घेऊ नये. अविपत्तिकर चूर्ण आम्लपित्तात चांगलं, पण पारंपरिक पाठात त्यात जवळपास निम्मी साखर असते आणि निशोत्तर हे रेचक असतं. मधुमेहींना हे कोणी सांगत नाही. ज्येष्ठमध पुष्कळ दिवस घेतलं तर रक्तदाब वाढतो. 'एका रात्रीत पोट साफ' अशी जाहिरात असलेल्या बाटलीवर घटक वाचा, बहुधा सोनामुखी दिसेल. ती आठदहा दिवसांसाठी ठीक, वर्षानुवर्षं नाही. त्यापेक्षा त्रिफळा सौम्य. इसबगोल तर जुन्या संहितांमधला नाहीच, शब्दच फारसी आहे, तो युनानी वैद्यकातून आपल्याकडे आला. पण मी तो बिनदिक्कत देते. फक्त भरपूर पाण्याबरोबर घ्या, नाहीतर तोच अडकतो.

डॉक्टरांनी दिलेली आम्ल कमी करणारी गोळी चालू असेल तर चूर्ण सुरू केलं म्हणून ती एकदम बंद करू नका. अनेक महिने घेतलेली गोळी अचानक सोडली की आम्ल उसळून वाढतं आणि माणूस म्हणतो, आयुर्वेदानं त्रास वाढवला. कमी करायची ती त्यांना विचारून, हळूहळू.

आता जे सांगायला मला जड जातं ते. माझे मामा देवासला राहतात. तीन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात मामीचा फोन आला, "यांचं पोट बरं नाही गं, काहीतरी पाठव." मी फोनवरच दोनचार प्रश्न विचारले आणि औषध पाठवलं. थोडं बरं वाटलं. महिन्यानं पुन्हा फोन, पुन्हा औषध. दवाखान्यात आलेला कोणी अनोळखी माणूस असता तर मी नाडी पाहिली असती, जीभ पाहिली असती, वजन केलं असतं, डोळ्यांच्या पापण्या ओढून पाहिल्या असत्या. मामा घरचे, म्हणून यातलं काहीच केलं नाही. गणपतीला ते आले तेव्हा सदरा खांद्यावरून लोंबत होता. त्यांच्या पापण्या पांढऱ्याफटक होत्या. हिमोग्लोबिन ७.८ निघालं. पुढे दुर्बिणीनं तपासणी झाली, मोठ्या आतड्यात उजव्या बाजूला गाठ सापडली. ऑपरेशन झालं, ते आज बरे आहेत. पण ते चार महिने माझ्या औषधांखाली गेले होते.

म्हणून मी आता फोनवर पोटाचं औषध देत नाही, नातेवाइकाला तर नाहीच. आणि पुढीलपैकी काहीही असेल तर आधी तपासणी, मग चूर्ण: न ठरवता घटलेलं वजन, शौचातून रक्त, डांबरासारखा काळा मल, गिळताना अडकणं, सतत उलट्या, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं किंवा जुलाब, न समजणारा अशक्तपणा, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली किंवा एकाएकी बदललेली शौचाची सवय, घरात कुणाला आतड्याचा कर्करोग झालेला असणं. यातलं काही आढळलं तर रक्ततपासणी आणि पोटविकारतज्ज्ञ हाच मार्ग. गर्भवती स्त्रियांनी यातलं कुठलंच चूर्ण स्वतःच्या मनानं घेऊ नये.

हे सगळं नसेल आणि तक्रार जुनीच असेल तर वैद्याकडे जाण्यापूर्वी पंधरा दिवस एका वहीत चार गोष्टी लिहा. किती वाजता काय खाल्लं, पुढची भूक खरी कधी लागली, शौच कधी आणि कशी झाली, झोप किती. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या-चूर्णांच्या बाटल्या पिशवीत घालून न्या, टीव्हीवरचीसुद्धा. मामांची वही आता मामी ठेवतात. गेल्या महिन्यात मी ती पाहिली, तर एका रविवारी रात्री साडेदहाच्या पुढे 'दोन कचोऱ्या' असं लिहून खोडलेलं होतं.