उधारीचे नवे खाते

नांदेडच्या वजिराबादेत किंवा लातूरच्या गंजगोलाईत एखाद्या मोठ्या दुकानात खरेदी करावी, तर पैसे भरण्याच्या टेबलापाशी हल्ली एक प्रश्न हमखास कानांवर येतो: 'आमचे कार्ड काढता का? आजच्याच बिलावर दहा टक्के सूट मिळेल.' मागे रांग लागलेली असते, विचारणारा मुलगा आर्जवी असतो आणि आपल्या हातात पोराचे कपडे नाहीतर मिक्सरचे खोके असते. अशा वेळी माणूस हो किंवा नाही म्हणतो, तो विचाराने म्हणत नाही. म्हणून तो विचार आपण आज येथे बसून करू. आम्ही अर्थशास्त्री नाही. पगाराच्या पावत्या, कपातीचे तक्ते आणि सावकारांच्या चिठ्ठ्या वाचता वाचता जेवढा हिशेब अंगवळणी पडला, तेवढाच आमच्या गाठीशी आहे. पण या प्रश्नाला तो पुरतो.

उधारी आपल्याकडे नवी नाही. मोंढ्यातला आडत्या शेतकऱ्याला पेरणीला पैसे देतो आणि त्या बदल्यात त्याचा माल आपल्याच आडतीवर येईल असे बघतो. ऊसतोडीला जाणारे जोडपे मुकादमाकडून उचल घेते आणि हंगामभर ती फेडत कोयता चालवते. गल्लीतला किराणा दुकानदार लाल वहीत नाव मांडतो आणि पगाराच्या दिवसाची वाट पाहतो. या वहीत व्याजाचा रकाना नसतो, म्हणून ही उधारी फुकट असते असा भाबडा समज आहे. व्याज भावात असते. रोखीचा गिऱ्हाईक डाळीचा भाव विचारतो, घासाघीस करतो, पटले नाही तर शेजारच्या दुकानात जातो. ज्याचे नाव वहीत आहे तो भाव विचारीत नाही. त्याची जीभ बांधलेली असते, आणि हीच त्या उधारीची खरी किंमत.

इंग्लंडातल्या कामगारांना हे फार लवकर उमगले होते. तिकडे मालक पगाराऐवजी स्वतःच्या दुकानातला माल कामगारांच्या माथी मारीत. ती चाल मोडण्यासाठी १८३१ साली कायदा करावा लागला. पुढे १८४४ साली रॉचडेल या गिरणगावी २८ जणांनी मिळून सहकारी दुकान काढले, तेव्हा त्यांनी एक नियम कटाक्षाने पाळला: व्यवहार रोखीचा, उधारी नाही. माणसे गरीब होती, उधारीची गरज त्यांना सर्वांत जास्त होती, आणि तरीही त्यांनी तो नियम केला. याचा अर्थ नीट लक्षात घ्यावा.

पण दुसरी बाजू सांगितली नाही तर ते किराणा दुकानदारावर अन्याय केल्यासारखे होईल. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. महिनोन्महिने पगार नसताना ज्या चुली पेटल्या, त्यांत गावाकडून आलेल्या धान्याचा जसा वाटा होता तसा वाण्याच्या उधारीचाही होता. अलीकडचे उदाहरण घ्या. २०२१ च्या ऑक्टोबरअखेर एस. टी. कर्मचाऱ्यांचा संप पेटला आणि २०२२ च्या एप्रिलमध्ये उच्च न्यायालयाने २२ तारखेपर्यंत कामावर रुजू होण्यास सांगितले, तोवर तो चालला. आमच्या नांदेड-लातूरच्या आगारांतल्या चालक-वाहकांच्या घरी त्या काळात दोन तऱ्हेचे धनको होते. गल्लीतला दुकानदार तोंडाने कुरकुरला, पण पीठमीठ देत राहिला. कारण आगार उघडले की हेच गिऱ्हाईक परत येणार हे त्याला ठाऊक होते. मोबाइलच्या आणि मोटारसायकलच्या हप्त्याची तारीख मात्र कोणासाठी थांबली नाही. ती यंत्रात नोंदलेली होती, आणि संप म्हणजे काय हे यंत्राला कळत नाही. कार्ड घ्यावे की नाही या प्रश्नाचे निम्मे उत्तर आम्हाला तरी या फरकात दिसते.

आता कार्डाकडे वळू. त्यावर दुकानाचे नाव छापलेले असते, म्हणून ते दुकानदाराचे खाते आहे असे वाटते. तसे ते नाही. आपल्या देशात क्रेडिट कार्ड बँक देते, किंवा रिझर्व्ह बँकेची खास परवानगी असलेली वित्त कंपनी देते. दुकान फक्त गिऱ्हाईक गोळा करून देते. २०२२ च्या एप्रिलमध्ये रिझर्व्ह बँकेने जे नियम केले, त्यांत अशा जोडनावाच्या कार्डांत दुकानाचे काम प्रचार आणि वाटप एवढेच राहील असे स्पष्ट म्हटले. तेव्हा उद्या तंटा झाला तर गंजगोलाईतल्या त्या टेबलापाशी जाऊन उपयोग नाही. तो आर्जवी मुलगा हात वर करील, आणि त्यात त्याचा दोष नसेल. आपले ऋण दूरच्या पेढीशी जडलेले असते.

या पेढीची अट वरवर उदार दिसते. महिन्याचे बिल ठरल्या तारखेला पुरते भरले, तर खरेदीवर व्याज नाही. जो माणूस हे दर महिन्याला, न चुकता करू शकतो, त्याला कार्ड खरोखरच स्वस्त पडते. महिना दीड महिना दुसऱ्याचे पैसे वापरायला मिळतात. पेढीचा नफा अशा माणसावर उभा नसतो. तो उभा असतो बिलाच्या कागदावर छापलेल्या 'किमान देय रक्कम' या शब्दांवर.

हा हिशेब जरा सावकाश करू. समजा, बिल २०,००० रुपयांचे झाले आणि व्याज महिना साडेतीन टक्के आहे. किमान देय पाच टक्के, म्हणजे १,००० रुपये. आपण तेवढे भरले आणि कर्तव्य केल्याच्या समाधानात झोपलो. परंतु त्या महिन्याचे व्याज झाले ७०० रुपये, आणि त्या व्याजावर १८ टक्के वस्तू व सेवा कर, तो १२६ रुपये. हजारातले ८२६ असे गेले. कर्ज उतरले १७४ रुपयांनी. असेच वर्षभर चालू ठेवले, त्या कार्डावर एक पैशाची नवी खरेदी केली नाही, तर बारा महिन्यांत आपण सुमारे ११,४०० रुपये भरतो आणि वर्षाअखेर डोक्यावर १८,००० रुपये शिल्लक राहतात. आणखी एक मेख अशी की, एकदा बाकी राहिली म्हणजे नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. घेतलेल्या दिवसापासून व्याज चढते. आमच्या सभासदांना हा हिशेब फळ्यावर मांडून दाखवला की काही जण खिशातले बिल काढून पुन्हा वाचू लागतात.

साडेतीन टक्के महिना म्हणजे वर्षाला बेचाळीस. हा आकडा सावकारी दराशी ताडून पाहावा. व्याजाच्या जाचाने १८७५ साली सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले, आणि चार वर्षांनी इंग्रज सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला. आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात, त्यामुळे तो कायदा आपल्याला लागू नव्हता. पण सवाई-दिढीने धान्य आणणारे घर आपल्याकडेही गावोगाव होते. जुन्या हिंदू कायद्यात दामदुपटीचा नियम होता, म्हणजे एका वेळी मुदलाहून जास्त व्याज वसूल करता येत नसे. महाराष्ट्राने २०१४ साली सावकारीचा नवा कायदा केला आणि परवानाधारक सावकाराला बिगरशेती विनातारण कर्जावर वर्षाला जास्तीत जास्त १८ टक्के दर ठरवून दिला. बँका या कायद्याबाहेर आहेत. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली कार्डावर ३० टक्क्यांहून अधिक व्याज लावणे ही अनुचित प्रथा ठरवली होती. सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो निर्णय रद्द केला, कारण व्याजाचे दर पाहणे हे रिझर्व्ह बँकेचे काम आहे. म्हणजे ज्याला आपण सावकार म्हणून नाक मुरडतो, त्याच्यावर अठराचा लगाम आहे, आणि चकचकीत कार्डावर नाही. ही गोष्ट आम्हाला पटत नाही, आणि ते आम्ही लपवीत नाही. पण आज वस्तुस्थिती अशी आहे.

'शून्य टक्के व्याज' ही याच कुळातली पाटी. पैसा फुकट कोणी देत नाही. रिझर्व्ह बँकेने २०१३ च्या सप्टेंबरातच बँकांना बजावले की, शून्य टक्के व्याज अशी काही चीजच अस्तित्वात नाही. मग व्याज जाते कोठे? रोख घेणाऱ्याला मिळणारी सूट हप्तेवाल्याला मिळत नाही, तेथे ते बसलेले असते. ११,००० रुपयांना रोख मिळणारा मोबाइल बारा महिने हजार-हजार भरून घेतला, तर माणूस म्हणतो, हजारच रुपये जास्त गेले, म्हणजे नऊ टक्के. पण पूर्ण ११,००० रुपये आपल्याकडे वर्षभर नसतात. दर महिन्याला मुद्दल घटत जाते. खरा दर सोळा टक्क्यांच्या पुढे निघतो. वर प्रक्रिया शुल्क असेल तर तेही त्यात मिळवावे. हे आकडे गिऱ्हाईकाला नीट दाखवणे सक्तीचे आहे. ते मुख्य तथ्यांचे पत्रक दिले जात नाही म्हणून रिझर्व्ह बँकेने १५ नोव्हेंबर २०२३ रोजी बजाज फायनान्ससारख्या बड्या कंपनीला दोन प्रकारांतली नवी कर्जे थांबवायला लावली. ती मनाई मे २०२४ मध्ये उठली. हप्त्यावर वस्तू घेताना हे पत्रक मागावे आणि त्यातला वार्षिक दराचा आकडा आधी वाचावा. बाकीची कलमे मागाहून.

मग कार्ड कोणी घ्यावे? पहिल्या दिवसाच्या सुटीवरून तर हे मुळीच ठरवू नये. ३,००० रुपयांच्या कपड्यांवर दहा टक्के म्हणजे ३०० रुपये सुटले. कार्डाचे वार्षिक शुल्क ४९९ असेल तर करासह ते ५८९ होते. ज्याचा पगार कायम आहे, ठरल्या तारखेला बँकेत जमा होतो, आणि ज्याच्या खात्यात एक महिन्याचा खर्च नेहमी शिल्लक असतो, त्याने खुशाल घ्यावे. पण त्याला बहुधा उधारीची गरजच नसते, हा यातला विनोद. मोंढ्यातला हमाल, कंत्राटी सफाई कामगार, शिकवणी वर्गात तासाप्रमाणे शिकवणारा तरुण यांची मिळकत वाईट असते असे नाही. ती वेळेवर येत नाही. सोयाबीनची आवक असेल तेव्हा हमालाला हात टेकायला सवड नसते, आणि पावसाळ्यात तो बसून राहतो. कार्डाची तारीख मात्र बारमाही. या माणसाला आम्ही स्पष्ट नाही म्हणू. त्याने वस्तूसाठी दोन महिने थांबावे, नाहीतर पतसंस्थेतून कर्ज काढावे. पतसंस्था म्हणजे धर्मशाळा असे आम्ही म्हणत नाही. पगारातून एवढी कपात करणाऱ्या संस्था आहेत की हातात पडणारी पावती पाहून बायको नवऱ्यावर संशय घेते. पण तिचा संचालक गावातच असतो, आणि वार्षिक सभेत उभे राहून त्याला दर विचारता येतो.

एक गोष्ट विशेषतः तरुणांना सांगायची. हप्ता चुकला की त्याची नोंद पतमाहिती कंपनीकडे जाते. उद्या घरासाठी किंवा म्हशीसाठी कर्ज मागायला गेलात की दोन हजारांच्या शर्टांची ती थकबाकी तेथे आधीच हजर असते. प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा हा अहवाल फुकट मागता येतो. तो मागवून वाचावा. कधी कधी न घेतलेले कर्जही त्यात निघते.

कार्ड आधीच घरात असेल तर काय, असे पुष्कळ जण विचारतात. न मागता आले असेल तर २०२२ च्या नियमांनी तशी कार्डे पाठवायलाच बंदी केली आहे, आणि त्यावर शुल्क लावले तर ते परत करून वर त्याच्या दुप्पट दंड बँकेने द्यायचा आहे. वसुलीवाल्याने सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही. शेजाऱ्यापाजाऱ्यांत बदनामी करायची नाही. आणि कार्ड नको असेल तर ते कात्रीने कापून गोदावरीत टाकल्याने बंद होत नाही; शुल्क चालूच राहते. बाकी चुकती करून बंद करण्याचा अर्ज द्यावा, त्याचा क्रमांक लिहून ठेवावा. सात कामकाजाच्या दिवसांत बँकेने ते बंद केले नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये तिने आपल्याला द्यायचे असतात. ते आपण होऊन कोणी देईल असे समजू नये. बँकेकडे लेखी तक्रार करावी, तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे. तेथे अर्जाला फी नाही, वकील लागत नाही, आणि अर्ज मराठीत लिहिला तरी चालतो.