पडलात की संपलं!

समजा, आज तुमची फायनल आहे. मोबाइल जमा झालाय आणि तुम्हाला एका बंद हॉलमध्ये बसवलंय. बाहेरची गर्दी एकदम ‘आऽऽ’ करते. कुणीतरी पडलं, एवढं कळतं. पण कोण, किती उंचीवरून? पत्ता नाही. विचारायचंही नाही, कारण बाहेरची माहिती मिळवलीत तर थेट बाद.

लीड क्लायंबिंगच्या फायनलला हे असं असतं. त्या हॉलला ‘आयसोलेशन’ म्हणतात. सगळ्यांना एकच रूट चढायचा असतो आणि तो आधी कुणी पाहिलेला नसतो. म्हणून आधी सगळ्यांना एकत्र बाहेर आणून सहा मिनिटं भिंत बघू देतात. त्या वेळचे व्हिडिओ नक्की बघा, फार मजा येते. खाली उभे राहून सगळे हवेत हात हलवत असतात, जणू अदृश्य तबला वाजवतायत. प्रत्यक्षात कुठल्या होल्डवर उजवा हात, कुठे डावा, याची ती उजळणी असते. गंमत म्हणजे एकमेकांचे प्रतिस्पर्धी तिथे खुशाल चर्चाही करतात.

मग पुन्हा आत, आणि एकेकाचा नंबर. सेमीफायनलचा पहिला सगळ्यात शेवटी येतो.

भिंत किमान १२ मीटर उंच असते, म्हणजे साधारण चार मजली बिल्डिंग, आणि वर जाता जाता ती तुमच्याच अंगावर झुकत येते. चढायला सहा मिनिटं. कमरेला बांधलेला दोर खालून वर नेत वाटेतल्या प्रत्येक क्विकड्रॉमध्ये अडकवत जायचा. क्रम चुकवायचा नाही, एखादा गाळून पुढे गेलात तर पंच तिथेच थांबवतात. खाली दोर सांभाळणारा, म्हणजे बिले देणारा असतो, त्यामुळे पडलात तरी काही मीटर खाली येऊन लटकता. लागत सहसा काही नाही. पण चान्स संपला. होल्ड स्वतःच फिरला किंवा दोरामुळे अडथळा आला, तरच पुन्हा संधी मिळते.

मार्कांचा हिशेब मला तरी क्रिकेटच्या नेट रनरेटपेक्षा सोपा वाटतो. प्रत्येक होल्डला नंबर असतो. ३४ वा होल्ड नीट पकडलात, तर स्कोअर ३४. तिथून पुढच्या होल्डकडे झेपावलात पण तो हातात आला नाही, तर ३४ अधिक. नुसत्या या ‘अधिक’वर पदकं फिरतात. बरोबरी झाली तर आधीच्या फेरीचा निकाल बघतात, तरी सुटली नाही तर वेळ.

हे ठरवण्यात भिंतीवर न दिसणाऱ्या माणसाचा, रूटसेटरचा मोठा हात असतो. सगळे टॉपला पोचले तर रूट फुकट गेला, सगळे एकाच ठिकाणी पडले तरी फुकट. प्रत्येक जण वेगळ्या होल्डवर पडावा, असा पेपर त्याला काढायचा असतो. चढणाऱ्याचा खरा वैरी मात्र ‘पंप’. सतत पकडून पकडून पंजा ते कोपर दगडासारखं होतं, रक्त नीट फिरत नाही आणि बोटं आपोआप उघडायला लागतात. म्हणून मध्येच एका हातावर लटकून दुसरा झटकणारे खेळाडू दिसतात. ती त्यांची विश्रांती!

पॅरिस ऑलिम्पिकमध्ये, २०२४ साली, बोल्डर आणि लीड मिळून एकच पदक होतं, प्रत्येकी १०० गुण. लीडचे शेवटचे दहा होल्ड चार-चार गुणांचे. पुरुषांच्या फायनलमध्ये बोल्डरनंतर जपानचा १७ वर्षांचा सोराटो अनराकू ६९.३ गुणांवर पहिला होता. ब्रिटनच्या टोबी रॉबर्ट्सने लीडमध्ये ९२.१ घेत एकूण १५५.२ केले आणि खाली येऊन बघत बसला. शेवटचा अनराकू. तो ७६.१ वर पडला. आता आकडे मांडून बघा. आणखी तीन होल्ड हाती लागले असते, तर सुवर्ण त्याचं होतं.

महिलांमध्ये जपानच्याच आय मोरीचं तर फारच वाईट वाटलं. तिची उंची १५४ सेंटिमीटर. पहिल्या बोल्डरचा सुरुवातीचा होल्डच तिच्या हाताला लागेना. वारंवार उड्या मारल्या, गुण शून्य. सोशल मीडियावर रूटसेटरना लोकांनी धारेवर धरलं. पण लीडमध्ये हीच मुलगी ९६.१ गुणांसह सगळ्यांच्या वर होती, टॉपच्या फक्त एक होल्ड खाली! तरीही एकूण चौथी. आखूड उंचीची शिक्षा द्यायला हा काही बास्केटबॉल नाही, असं माझं मत. अर्थात तिथल्याच विजेत्या यान्या गार्नब्रेटने दोन्हींत ८४ च्या वर गुण काढले होते, हेही खरंच.

आपल्याकडे सह्याद्रीचे कडे चढणाऱ्यांना बिले, दोर हे शब्द नवे नाहीत. २०१६ आणि २०१७ मध्ये बोल्डरिंगचा वर्ल्ड कप तर थेट नवी मुंबईत झाला होता. लॉस एंजेलिसला २०२८ मध्ये लीड, बोल्डर आणि स्पीड यांची पदकं वेगवेगळी असतील. म्हणजे मोरीसारखीला फक्त लीडवर पदक मिळवता येईल. तेव्हा फायनल लावलीत तर स्कोअरबोर्ड सोडा, बोटांकडे बघा. पडण्याआधी ती हळूहळू उघडताना दिसतात.