डोंगरवाटेवरील सायकल आणि पंक्चर : छिद्रावरून कळते कारण

मनाली-लेह मार्गावर सारचू आणि पांग या दोन तंबूंच्या मुक्कामांमध्ये सुमारे ८० किलोमीटरचे अंतर आहे. वाटेत गाटा लूप्सची २१ वळणे आणि त्यापुढे नकी ला व लाचुलुंग ला या दोन खिंडी लागतात. यांपैकी लाचुलुंग ला ५,००० मीटरहून अधिक उंचीवर आहे. या टप्प्यात सायकल दुरुस्तीचे दुकान नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये अटल बोगदा खुला झाल्यापासून रोहतांगचा चढ टाळता येतो. पुढील खिंडी मात्र सायकलस्वाराला आजही ओलांडाव्याच लागतात. अशा ठिकाणी चाकातील हवा गेली आणि ती पुन्हा भरता आली नाही, तर प्रश्न केवळ खोळंब्याचा राहत नाही. विरळ हवा, सूर्यास्तानंतरची कडाक्याची थंडी आणि पायी न संपणारे अंतर यांमुळे तो सुरक्षिततेचा प्रश्न होतो.

पंक्चर हा नशिबाचा भाग मानला जातो. प्रत्यक्षात ट्यूबवरील छिद्र आपले कारण बहुधा स्वतःच सांगते. घाईघाईने पॅच चिकटवून निघालेल्या सायकलचे तेच चाक दोन किलोमीटरवर पुन्हा बसते, याचे कारण बहुतेक वेळा एकच असते : छिद्र बुजवले गेले, पण ते पाडणारी वस्तू टायरमध्येच राहिली.

ट्यूबच्या बाहेरच्या बाजूस, म्हणजे जमिनीकडील भागात, एकच बारीक छिद्र असेल तर तो काटा, काच किंवा तारेचा तुकडा समजावा. आतल्या बाजूस, रिमकडे छिद्र असेल तर रिमवरील पट्टी सरकून ट्यूब तारांच्या छिद्रांवर घासली असण्याची शक्यता अधिक. अशा वेळी टायरमध्ये काटा शोधत बसणे व्यर्थ आहे. शेजारीशेजारी दोन छिद्रे, सापाने दंश केल्यासारखी, दिसली तर काट्याचा संबंधच नाही. हवा कमी असताना चाक दगडावर आदळले आणि ट्यूब टायर व रिम यांच्यामध्ये चिमटली, असा त्याचा अर्थ. मोठ्या उतारावर, विशेषतः मागच्या चाकावर सामानाचे ओझे असताना, हा प्रकार हमखास घडतो.

म्हणूनच प्रतिबंधाचा पहिला उपाय म्हणजे योग्य दाब. माउंटन बाइकचा टायर साधारण दोन इंच किंवा त्याहून रुंद असतो. आत ट्यूब असल्यास सामान्य वजनाच्या स्वारास ३५ ते ४५ पीएसआय दाब बहुधा पुरतो. सामान लादल्यास मागील चाकात थोडा अधिक ठेवावा. टायरच्या बाजूवर छापलेली कमाल मर्यादा मात्र ओलांडू नये. अंगठ्याने दाबून अंदाज घेण्याची सवय सर्वत्र दिसते, परंतु जाड टायरच्या बाबतीत ती फसवी ठरते. दाबमापक असलेला पंप हाच खरा उपाय.

काट्यांपुढे मात्र दाबाचे काही चालत नाही. दख्खनच्या पठारावर सायकल चालवणाऱ्यांना लडाखच्या दगडांपेक्षा बाभूळ, वेडी बाभूळ आणि सराटे यांची धास्ती अधिक. सराट्याचे, म्हणजेच गोखरूचे, वाळलेले फळ फुटून पाच भाग होतात आणि प्रत्येक भागाला दोन लांब टोकदार काटे असतात. तो जमिनीवर कसाही पडला तरी एखादा काटा वर राहतोच. पावसाळा सरल्यानंतर माळरानावरून जाताना रुळलेली पायवाट सोडून कडेच्या वाळल्या गवतात चाक न घालणे, एवढी साधी दक्षताही पुष्कळ पंक्चर वाचवते.

पंक्चर झाल्यावर टायर काढण्यापूर्वी व्हॉल्व्हची जागा टायरवर खुणेने नोंदवावी. ट्यूबमधील छिद्र सापडले की ती खूण जुळवून टायरमधील नेमकी जागा शोधता येते. त्यानंतर टायरच्या आतून संपूर्ण वेढा बोटांनी, किंवा अधिक बरे म्हणजे फडक्याने, चाचपावा. ट्यूब कोरडी करून छिद्राभोवतीचा भाग पॉलिश पेपरने खरवडावा, सोल्युशनचा पातळ थर द्यावा आणि थांबावे. बहुतेकांची चूक येथेच होते. सोल्युशन ओले असतानाच पॅच दाबला तर तो टिकत नाही. थराची चमक जाईपर्यंत सुमारे पाच मिनिटे, थंडीत त्याहून अधिक, वाट पाहणे आवश्यक आहे. एकदा उघडलेली सोल्युशनची नळी काही महिन्यांत आतल्या आत सुकते. मोहिमेवर न उघडलेली नळीच न्यावी. वाऱ्यात आणि थंडीत मात्र सरळ नवी ट्यूब घालून पॅचचे काम मुक्कामावर करणे शहाणपणाचे. टायरच फाटला असेल तर जुन्या टायरचा तुकडा, तोही नसल्यास घडी घातलेली चलनी नोट आतून लावून मुक्काम गाठता येतो.

ट्यूबशिवायच्या टायरची पद्धत माउंटन बाइकसाठी माविक, हचिन्सन आणि मिशलँ या फ्रेंच कंपन्यांनी १९९९ मध्ये पुढे आणली. आज अशा टायरमध्ये भरलेले द्रव रबर बारीक छिद्रे धावत्या चाकातच बुजवते. ट्यूबच नसल्याने ती चिमटण्याचा प्रश्नही उरत नाही. तथापि हे द्रव काही महिन्यांनी वाळते आणि मोठ्या चिरेपुढे निरुपयोगी ठरते. त्यामुळे एक ट्यूब सोबत लागतेच.

उंचीवर हातपंपाचाही कस लागतो. ५,००० मीटरच्या वर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो. प्रत्येक दट्ट्यासरशी चाकात जाणारी हवाही त्याच प्रमाणात घटते. पुण्यात शंभर दट्ट्यांत भरणाऱ्या चाकाला तेथे पावणेदोनशेच्या आसपास दट्टे मारावे लागतात, आणि तेही धाप लागलेल्या अवस्थेत. कार्बन डायऑक्साइडची छोटी नळकांडी क्षणात चाक भरतात, पण हा वायू रबरातून लवकर झिरपतो; दुसऱ्या दिवशी चाक मऊ पडलेले आढळते. विमानप्रवासात त्यांवर निर्बंधही आहेत.

ट्रक-मोटारींची पंक्चर काढणारी दुकाने महामार्गांवर सर्वत्र भेटतात. परंतु अनेक माउंटन बाइकना असलेला बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह तेथील नळीला बसत नाही. त्यासाठी पितळेचा छोटा अडॅप्टर मिळतो. तो व्हॉल्व्हवरच चढवून ठेवल्यास हरवत नाही.