कूपर ब्लॅक: गुबगुबीत अक्षरांची दुसरी इनिंग

आज फाँटबद्दल बोलायचंय, तर आधी मोबाइलवर 'कूपर ब्लॅक' शोधा आणि समोर ठेवा. ईझीजेट या विमान कंपनीचा लोगो पाहिला असेल, तर हा फाँट तुमच्या ओळखीचाच आहे.

बघताक्षणी वाटतं, हा सत्तरच्या दशकातला. पण तो आला १९२२ मध्ये, अमेरिकेत. शिकागोच्या ऑझ्वल्ड कूपर यांनी तो काढला. ते जाहिरातींसाठी हाताने अक्षरं रेखाटायचे. बार्नहार्ट ब्रदर्स अँड स्पिंडलर या कंपनीने त्याचे खिळे, म्हणजे छपाईचे धातूचे टाइप, बाजारात आणले.

आता अक्षरं नीट बघा. एवढी जाड, तरी अंगावर येत नाहीत. का? कारण टोकदार कोपराच नाही. टोकं शाई पसरल्यासारखी गोल आहेत. 'ओ'च्या आतली पोकळी किंचित मागे झुकलेली आहे. खाली लोंबणाऱ्या शेपट्या आखूड आहेत, त्यामुळे दोन ओळी अगदी जवळ बसतात.

मग सत्तरचं दशक कुठून आलं? खिळ्याला स्वतःची चौकट असते, त्यामुळे अक्षरं एका मर्यादेपलीकडे जवळ येत नाहीत. साठ-सत्तरच्या दशकांत फोटोवरून टाइपसेटिंग आणि कागदावर घासून उमटवायची अक्षरं रुळली, आणि ही चौकटच गेली. गुबगुबीत अक्षरं एकमेकांना चिकटून बसू लागली. बीच बॉइजच्या १९६६ च्या 'पेट साउंड्स' अल्बमचं कव्हर बघा. पुढे टी-शर्टवरही तीच अक्षरं आली. आपण ज्याला 'व्हिंटेज' म्हणतो, ती या फाँटची दुसरी इनिंग आहे.

वापरायचा कुठे? कॅफेची पाटी, टी-शर्ट, पॉडकास्टचं कव्हर. दोन-चार शब्द, मोठे. परिच्छेद यात लावलात तर आतल्या पोकळ्या बुजतात आणि डोळे दमतात. आणि श्रद्धांजलीच्या पोस्टला तर नकोच. शब्द दुःखाचे आणि अक्षर गालातल्या गालात हसतंय, हे वाचणाऱ्याला खुपतं.

मराठीचं काय? मूळ कूपर ब्लॅक रोमन लिपीचा. त्यात मराठी टाइप केलं की बहुतेक अ‍ॅप गुपचूप दुसराच फाँट लावतात, आणि पोस्टर बेरंगी दिसतं. असा गुबगुबीतपणा देवनागरीत हवा असेल, तर मुंबईच्या 'एक टाइप'चा 'मोदक' बघा. गूगल फाँट्सवर फुकट आहे. नावासारखाच गुटगुटीत. देवनागरीत हे जास्त अवघड, कारण वर शिरोरेषा आणि मात्रा, खाली उकार, मध्ये जोडाक्षरं, आणि सगळ्यांनाच जाडी हवी. म्हणून 'मोदक'मध्ये आतल्या पोकळ्यांच्या नुसत्या बारीक फटी उरतात.

तेव्हा पोस्ट टाकण्याआधी तुमचा मजकूर कव्हरच्या आकाराएवढा लहान करून मोबाइल हातभर लांब धरा. जोडाक्षरं वाचता आली तर ठेवा. नाही आली तर शब्द कमी करा, नाहीतर सरळ फाँट बदला.