जावातील खेडे : जमीन आणि जमिनीचा कागद

मराठीत 'कुली' म्हणजे पाठीवर दुसऱ्याचे ओझे वाहणारा, ज्याच्या मालकीचे फारसे काही नाही असा माणूस. इंडोनेशियातील मध्य जावाच्या खेड्यांत मात्र 'कुली केंचेंग' ही एके काळी गावातील मानाची पायरी होती. ज्याच्याजवळ भाताचे खाचर, घराभोवतीचे परसू आणि स्वतःचे घर ही तिन्ही असतील तो पूर्ण कुली. नुसते घर व परसू असलेला त्याच्या खालचा. दुसऱ्याच्या परसात आपली झोपडी उभारून राहणारा त्याच्याही खालचा. आणि परक्याच्या छपराखाली आसऱ्याला आलेला सर्वांत शेवटचा. या नावात जो विरोधाभास वाटतो तो वरवरचा आहे. वेठबिगार, रस्त्यांची डागडुजी, पाटबंधाऱ्यांची कामे आणि रात्रीचा पहारा हे सारे जमीनधारकाच्या माथी असे. जमीन हा हक्क खराच. परंतु त्या हक्काला कर्तव्याचे जोखड जोडलेले होते. या खेड्यातील मालमत्तेचा पुढील सर्व इतिहास म्हणजे हक्क आणि कर्तव्य यांची ही जोडी हळूहळू फुटत गेल्याचा इतिहास होय.

जावाचे खेडे दुरून पाहता घरे दिसतच नाहीत. हिरव्या खाचरांच्या समुद्रात झाडीचे एक बेट दिसते. ही झाडी म्हणजे 'पेकारांगान', अर्थात परसू. नारळ, केळी, फणस, पपई, कसावाचे कंद, मिरची, औषधी मुळे, चार कोंबड्या, एखादी शेळी आणि जमल्यास माशांचे लहानसे तळे. कोकणातील वाडी पाहिलेल्याला हे दृश्य अपरिचित वाटणार नाही. भाताचे पीक वर्षातून दोनदा वा तीनदा हाती येते. परसू मात्र रोज काही ना काही देते. ज्यांच्याजवळ खाचर नाही त्यांचा संसार मुख्यतः याच तुकड्यावर आणि मजुरीवर चालतो. परसातील झाडे एकाची, घर दुसऱ्याचे आणि खालची जमीन तिसऱ्याची, हे तेथील रूढीला मुळीच वावगे नाही. लाकडी सांगाड्याचे घर सुटे करून विकता येते, दुसरीकडे नेऊन उभारता येते. जमीन आणि तिच्यावरील वस्तू यांची मालकी वेगळी मानण्याचे हे तत्त्व १९६० च्या मूलभूत भूमी कायद्याच्या मुळाशीही आहे.

वारसाहक्काच्या बाबतीत हे खेडे आपल्याकडील अनेक सुशिक्षित घरांपेक्षा उदार ठरते. मुलगा व मुलगी यांना सारखी वाटणी देण्याची चाल तेथे जुनी आहे. काही कुटुंबांत मुलाला दोन वाटे, मुलीला एक, अशी रीत आढळते व तिला कावडीची उपमा देतात. मुलगा खांद्यावरच्या कावडीने दोन ओझी नेतो, मुलगी पाठीवर एक. लग्नानंतर दोघांच्या कष्टाने मिळविलेली मालमत्ता ही 'गोनो-गिनी', म्हणजे उभयतांची सामाईक. काडीमोड झाल्यास ती वाटून घेतली जाते. १९७४ च्या विवाह कायद्याने या रूढीला देशभर मान्यता दिली. महाराष्ट्रात मुलींना वडिलार्जित मालमत्तेत जन्मसिद्ध वाटा १९९४ च्या दुरुस्तीने मिळाला, आणि त्यानंतरही हक्कसोडपत्रावर बहिणींच्या सह्या घेण्याचा उद्योग थांबलेला नाही, हे येथे सहज आठवते.

तथापि या समाजाला प्राचीन साम्यवादी ग्रामव्यवस्था समजून त्याचे गोडवे गाण्याचे कारण नाही. १८११ ते १८१६ या काळात जावावर इंग्रजांचा अंमल असताना रॅफल्सने तेथे जमीन-महसुलाची पद्धत सुरू केली. प्रत्येक रयतेशी थेट संबंध जोडण्याचा त्याचा मनोदय होता. पण मोजणीच नसल्याने व्यवहारात गावप्रमुखालाच जबाबदार धरावे लागले. १८३० मध्ये व्हान डेन बोश याने सक्तीच्या लागवडीची पद्धत आणली. गावाच्या जमिनीचा पाचवा हिस्सा ऊस, नीळ अशा निर्यातीच्या पिकांखाली यावा, हे तिचे सूत्र. हा बोजा सर्वांवर पसरावा म्हणून अनेक गावांत जमिनीचे वाटे पाडून त्या फिरत्या ठेवल्या गेल्या. ज्याला पुढे सामुदायिक मालकी म्हटले गेले, तिचा बराच भाग अशा रीतीने सरकारी वसुलीच्या सोयीतून जन्मला होता.

अमेरिकन मानवशास्त्रज्ञ क्लिफर्ड गीर्ट्झ यांनी १९५० च्या दशकात पूर्व जावात राहून अभ्यास केला आणि १९६३ च्या आपल्या ग्रंथात 'वाटून घेतलेले दारिद्र्य' ही कल्पना मांडली. लोकसंख्या वाढली तरी खाचर प्रत्येकाला काही काम आणि काही घास देत राहते, असा तिचा आशय. पुढील संशोधकांनी तिच्यावर कठोर टीका केली, ती योग्यच होती. कारण दारिद्र्य वाटले गेले तरी जमीन समान वाटलेली कधीच नव्हती. मात्र या कल्पनेत एक सत्यांश होता, आणि तो सुगीच्या वेळी दिसे. 'आनी-आनी' नावाचे तळहातात मावणारे पाते घेऊन गावातील स्त्रिया एकेक लोंबी खुडत. भाताची देवता देवी श्री. तिला शस्त्र दिसू नये म्हणून पाते हातात लपवायचे, अशी श्रद्धा. कापणीला येणाऱ्या कोणालाही मालकाने नाही म्हणायचे नसे, आणि कापलेल्या भाताचा ठरलेला हिस्सा, 'बावोन', तिला मिळे. हा दानधर्म नव्हे. भूमिहीनाचा दुसऱ्याच्या खाचरावरील तो एक प्रकारचा मालकीहक्कच होता, मात्र कोणत्याही दप्तरात न नोंदलेला.

१९६० च्या दशकाच्या अखेरीस नवे बुटके वाण आले. १९७३ मध्ये विल्यम कॉलियर आणि त्यांच्या इंडोनेशियन सहकाऱ्यांनी कापणीच्या बदलत्या पद्धतींची जी नोंद केली, ती अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने मुळातून वाचावी अशी आहे. शेतकरी आपले उभे पीक कापणीपूर्वी व्यापाऱ्याला विकू लागला. या व्यवहाराला 'तेबासान' म्हणतात. व्यापारी बाहेरून मोजके मजूर आणतो, त्यांच्या हाती विळे देतो आणि मजुरी चुकती करतो. शेजारणीला तोंडावर नकार देणे मालकाला जड जाते. व्यापाऱ्याला ते सोपे. भाताच्या गिरण्यांनी तर कांडणाची मजुरीही काढून घेतली. एका पिढीत स्त्रियांचा हा हक्क आकसत गेला, आणि तो कागदावर नसल्यामुळे कोणालाही नुकसानभरपाई द्यावी लागली नाही.

जमिनीच्या फेरवाटपाचा प्रयत्नही झाला होता. १९६० च्या कायद्याने दाट वस्तीच्या प्रदेशात ओलिताच्या जमिनीची कमाल मर्यादा पाच हेक्टर ठरविली. सात वर्षे वा अधिक काळ गहाण राहिलेली जमीन सावकाराने विनामोबदला परत करावी, अशीही तरतूद केली. अंमलबजावणी रेंगाळली तेव्हा कम्युनिस्टांच्या शेतकरी संघटनेने १९६३-६४ मध्ये परस्पर जमिनी ताब्यात घेण्यास आरंभ केला. १९६५-६६ च्या हत्याकांडात देशभर सुमारे पाच लाख माणसे मारली गेली असावीत, असा सर्वसाधारण अंदाज आहे. जावातील खेड्यांत जमिनीचे हे जुने वैर त्यात मिसळले होते. त्यानंतर कित्येक वर्षे भूसुधारणा हा शब्द उच्चारणेही धोक्याचे ठरले.

गावकीची जमीन मात्र टिकून राहिली. सरपंच आणि इतर ग्रामाधिकारी यांना वेतनाऐवजी कसण्यास मिळणारी 'बेंगकोक' जमीन ही आपल्या पाटिलकी वतनाची सख्खी बहीण. महाराष्ट्राने १९६२ च्या कायद्याने पाटिलकीची वतने मोडली. इंडोनेशियाने २०१४ मध्ये या जमिनीचे उत्पन्न ग्रामनिधीत जमा करण्याचे ठरविले, तेव्हा ग्रामाधिकाऱ्यांनी एवढी ओरड केली की पुढल्याच वर्षी नियम बदलावा लागला. त्याच सुमारास केंद्राकडून थेट खेड्यांना निधी मिळू लागला आणि सरपंचपदाचे मोल आणखी वाढले. २०२४ च्या दुरुस्तीने त्या पदाची मुदत सहा वर्षांवरून आठ वर्षे केली आहे.

आता सारा भर कागदावर आहे. पिढ्यानपिढ्या खेडुताचा आधार म्हणजे गावच्या चिटणिसाकडील एक जुने बाड आणि कर भरल्याची पावती. आपल्या सातबाऱ्याप्रमाणेच ही नोंद मुळात महसुलाची. तिने कब्जा सुचतो, मालकी सिद्ध होत नाही. देशात सुमारे १२ कोटी ६० लाख जमीनतुकडे असून २०१५ पर्यंत त्यांपैकी जेमतेम ४ कोटी ६० लाखांनाच प्रमाणपत्र मिळाले होते. जोको विडोडो यांच्या सरकारने मग गावेच्या गावे एकदम मोजून प्रमाणपत्रे वाटण्याचा सपाटा लावला. २०२१ च्या नियमाने जुन्या पावत्यांना पुरावा म्हणून फेब्रुवारी २०२६ पर्यंतचीच मुदत ठेवली.

परंतु मोजायचे तरी काय? अर्ध्या हेक्टरपेक्षा कमी जमीन असलेली कुटुंबे २०१३ च्या शेतीगणनेत सुमारे १ कोटी ४२ लाख होती. २०२३ मध्ये ती १ कोटी ६९ लाखांच्या आसपास गेली. एवढ्याशा खाचराची आणखी वाटणी करण्यापेक्षा भावंडे ते आळीपाळीने कसतात, यंदा थोरली बहीण, पुढल्या वर्षी धाकटा भाऊ. प्रमाणपत्रावर मात्र कोणाचे तरी नाव घालावे लागते. आणि ते हाती आले की कर्जासाठी बँकेत तारण पडते. या व्यवहाराला लोकांनी एक विनोदी नाव दिले आहे : कागद 'शाळेत घातला'. शाळेत गेलेला कागद घरी कधी येतो, हे घरातील सर्वांनाच ठाऊक असते असे नाही. ज्याच्या नावावर तो आहे, त्याला विचारावे लागते.