एका घटकेचा स्वयंपाक

घटका म्हणजे चोवीस मिनिटें. हें माप आतां पंचांगापुरतेंच उरलें आहे, असें आपण समजतों. परंतु स्वयंपाकघरांत त्याचें राज्य अद्याप संपलेलें नाहीं, असें माझें मत अलीकडे झालें आहे. संध्याकाळीं घरीं परतलेल्या माणसाचें पोट साधारणतः एवढाच वेळ धीर धरतें. त्याहून विलंब लागला कीं मुलें रडकुंडीस येतात, मोठीं माणसें तोंडानें कांहीं न बोलतां फराळाचे डबे उघडूं लागतात, आणि जिच्यावर ही सारी भिस्त ती गृहिणी स्वतःच दिवसभराची शिणलेली असते. एका घटकेंत चुलीवरून खालीं उतरेल, पचावयास हलकें असेल आणि खाल्ल्यावर जिवाला बरें वाटेल, असें अन्न रोजच्या धांवपळींत घरीं करतां येईल काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

आरंभींच कबूल केलें पाहिजे कीं, मी पाकशास्त्राचा अधिकारी नव्हे. सारी हयात शाळेंत संस्कृत शिकविण्यांत गेली. ‘पच्’ धातूचीं रूपें दहाही लकारांत मुलांकडून घोकून घेतलीं. परंतु स्वतः भाताचें पातेलें चुलीवर ठेवण्याचा प्रसंग माझ्यावर साठी उलटेपर्यंत आला नव्हता. तो गतवर्षीं आषाढांत आला. मागील दाराच्या ओल्या पायरीवरून आमची मंडळी घसरली आणि उजव्या हाताचें मनगट मोडलें. हात सहा आठवडे प्लास्टरांत. चिरंजीव आणि सूनबाई दोघेंही नोकरीस. रात्रीं आठाच्या आंत त्यांचें घरीं येणें कठीण. एरवीं अशा वेळीं मोबाइलवरून जेवण मागविण्याची सोय आहेच, व पहिले चारसहा दिवस आम्हीं तिचा उपयोगही केला. पण एके संध्याकाळीं पावसानें रस्ते तुंबले. मागविलेलें जेवण दीड तासानें येईल असा निरोप आला, मुलगा-सून वाटेंत अडकलीं, आणि तीन दिवसांच्या तापांतून नुकतीच उठलेली सात वर्षांची नात मऊ भात मागूं लागली.

आमच्या मंडळींनीं स्वयंपाकघराच्या दाराशीं खुर्ची मांडली, गळ्यांत अडकविलेला हात सांवरीत त्या बसल्या, आणि मी ओट्याशीं उभा राहिलों. मीं तांदूळ धुऊन त्यांत अंगाबरोबर पाणी घातलें तेव्हां त्या म्हणाल्या, “अहो, मऊ भात करायचा आहे तो, अक्षता नव्हेत!” अर्धी वाटी तांदुळास तीन वाट्या पाणी आणि चिमूटभर मीठ, हा धडा मला त्या दिवशीं मिळाला. कुकराच्या चार-पांच शिट्ट्या झाल्यावर आंच बंद करावी, वाफ आपोआप जिरूं द्यावी, मग पळीच्या पाठीनें भात घोटावा. वर चमचाभर तूप आणि त्यावर मेतकूट. घड्याळ पाहिलें तों पंचवीस मिनिटें झालीं होतीं. नातीनें दोन वेळां भात मागून घेतला, आणि माझ्या उभ्या आयुष्यांत कोणत्याही परीक्षेच्या निकालानें मला जें समाधान दिलें नाहीं तें त्या वाटीनें दिलें.

हा मऊ भात कांहीं आजचा नव्हे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांतील अन्नपानविधि नांवाच्या सत्ताविसाव्या अध्यायांत मंड, पेया, विलेपी असे तांदुळाचे पातळ प्रकार सांगितले आहेत. मंडांत शीत नाहीं, नुसती निवळ, पेयेंत शितें थोडीं व द्रव फार, विलेपी दाट. आजारी माणसास असेंच पातळाकडून दाटाकडे अन्नावर आणावयाचें असतें. आमचा गुरगुट्या भात विलेपीच्याच कुळांतला होय. त्याला तांदूळ आंबेमोहोर असला तर दुधांत साखर. आंब्याच्या मोहोराच्या वासावरून ज्याला हें नांव मिळालें तो हा तांदूळ पुण्याच्या पश्चिमेकडील मावळ-मुळशीचा. दाणा आंखूड, शिजल्यावर मऊ व चिकट, म्हणून मोकळ्या भातापेक्षां मऊ भातासच तो अधिक शोभतो.

याच भातांत मूठभर मुगाची डाळ आणि हळद पडली कीं खिचडी. संस्कृतांत कृसरा या नांवानें डाळतांदुळाचें असें अन्न प्रसिद्ध आहे. चौदाव्या शतकांत हिंदुस्थानांत आलेल्या इब्न बतूता या प्रवाशानें मूग व तांदूळ एकत्र शिजवून तुपाशीं सकाळीं खाण्याची चाल नमूद केली आहे. आणि पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धांत आपल्या जुन्नरास पावसाळा काढलेल्या निकितिन नांवाच्या रशियन व्यापाऱ्यानें तर खिचडी घोड्यांस चारतात असें लिहून ठेविलें आहे. तेव्हां मुलें खिचडीस नाकें मुरडूं लागलीं, तर तिच्यानें घोडे धांवत असत एवढें त्यांस अवश्य सांगावें!

आतां त्या संध्याकाळची दुसरी गोष्ट. मेतकुटाची बरणी मीं खालीं काढली तेव्हां तिच्या तळाशीं जेमतेम चार चमचे मेतकूट होतें. ही बरणी आमच्या घरीं कधीं रिती झालेली मला आठवत नव्हती. मी म्हणालों, “आतां पुन्हां केव्हां करणार?” मंडळी आपल्या प्लास्टराकडे पाहून म्हणाल्या, “या हातानें? दोन शेर डाळ परतायची म्हणजे मनगट लागतं.” मीं कृति विचारली. त्या म्हणाल्या, “कृति कसली त्यांत? डाळ घ्यायची अंदाजानं, वास सुटला कीं उतरायची.” अंदाज किती, आणि वास कोणता? चाळीस वर्षें त्या घरांत राहूनही मला यांतलें एकही उत्तर ठाऊक नव्हतें. त्यांस तें त्यांच्या सासूबाईंनीं, म्हणजे माझ्या मातुःश्रींनीं, असेंच बोटांनीं दाखविलें होतें. कागदावर एक अक्षर नव्हतें.

तेव्हां माझ्या ध्यानांत आलें कीं, ज्यास आपण झटपट होणारें अन्न म्हणतों, तें वास्तविक झटपट होत नाहीं; त्याचे श्रम कोणीतरी अगोदर करून ठेवलेले असतात. भाजणीचेंच उदाहरण घ्या. धान्य भाजल्यानें त्यांतील ओल जाते, कच्चट वास जातो, किडीचें भय कमी होतें आणि पीठ टिकतें. शिवाय अर्धें शिजण्याचें काम भाजण्यांतच उरकतें. म्हणूनच थालीपीठ तव्यावर आठ-दहा मिनिटांत होतें. चैत्र-वैशाखांत उन्हें तापलीं कीं आमच्या आया-बहिणी जें भाजणें, दळणें, वाळविणें आरंभीत, तें पुढच्या आठ महिन्यांच्या थकलेल्या संध्याकाळींची तरतूद होती. आपण पुरुषांनीं ताटांत थालीपीठ पाहिलें. वैशाखांतली भट्टी पाहिली नाहीं.

हें लक्षांत घेतलें म्हणजे हल्लींच्या सुनांविषयीं जो एक ठराविक गाऱ्हाण्याचा सूर ऐकूं येतो तो किती अन्यायाचा आहे हें कळतें. पूर्वीच्या बायका सारें घरीं करीत हें खरें. परंतु त्या आठ तास कचेरींत बसून आणि दोन तास गर्दींत उभ्या राहून मग भाजणी भाजीत नव्हत्या. काम जर घराचें असेल तर तें घरांतील ज्यास वेळ आहे त्यानें करावें, हा साधा न्याय. आणि सेवानिवृत्त माणसाइतका वेळ कोणापाशीं आहे? म्हणून मीं वही घेतली, मंडळींपुढें बसलों, आणि ‘अंदाजा’स वाटीच्या मापांत बसविण्याचें काम हातीं घेतलें. १९७० सालीं प्रसिद्ध झालेल्या कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’नें वाटी-चमच्याचें माप घरोघर रूढ केलें, त्याचें महत्त्व मला या खटाटोपांत प्रथम कळलें.

वहींतील मेतकूट असें: हरभऱ्याची डाळ २ वाट्या, तांदूळ १ वाटी, उडदाची डाळ अर्धी वाटी, गहूं पाव वाटी, धने २ चमचे, जिरें १ चमचा, मेथ्या व मोहरी प्रत्येकीं १ चमचा, सुंठ, हळद, हिंग व आवडीप्रमाणें तिखट. धान्यें निरनिराळीं, कोरडींच, मंद आंचेवर बदामी रंगावर भाजावीं. एकत्र भाजूं नयेत, कारण तांदूळ फुलूं लागतो तोंवर डाळ कच्चीच असते. मेथ्या तांबूस होतांच उतरवाव्या. सारें निवल्यावर बारीक दळावें व चाळून कोरड्या बरणींत भरावें.

थालिपिठाची भाजणी अशी: तांदूळ ४ वाट्या, ज्वारी, बाजरी व हरभऱ्याची डाळ प्रत्येकीं २ वाट्या, उडदाची डाळ व गहूं प्रत्येकीं १ वाटी, धने १ वाटी, जिरें पाव वाटी. हेंही वेगवेगळें भाजून गिरणींतून दळून आणावें. मात्र आधीं कोणाची मिरची दळली नाहीं ना, एवढें विचारून घ्यावें. ऐन वेळीं दोन वाट्या भाजणींत एक चिरलेला कांदा, कोथिंबीर, तिखट, मीठ व थोडें तेल घालून कोंबट पाण्यानें भिजवावें, तेल लावलेल्या थंड तव्यावर थापावें, बोटानें भोकें पाडून त्यांत तेल सोडावें आणि झांकण ठेवावें. खालची बाजू खरपूस झाल्यावर उलटावें. जोडीस लोणी किंवा दही.

तिसरें अन्न पिठलें. अवेळीं पाहुणा आला तर अब्रू राखणारा हा मित्र होय. एक वाटी बेसन तीन वाट्या पाण्यांत अगोदर कालवून घ्यावें; कोरडें पीठ उकळत्या पाण्यांत टाकलें तर गुठळ्या होतात, हें मी अनुभवानें सांगतों. तेलांत मोहरी, जिरें, हिंग, हळद, हिरवी मिरची, कढीलिंब यांची फोडणी, चालत असेल त्या घरीं लसूणही; त्यावर हें पाणी ओतून सारखें ढवळावें, दाटलें कीं मीठ घालून झांकून पांच मिनिटें वाफ आणावी. कोंकणांत हेंच कुळथाच्या पिठाचें, आमसूल घालून पातळ करतात, आणि पावसाळ्याच्या रात्रीं गरम भाताबरोबर त्यास दुसरी जोड नाहीं.

आणि ज्यांस आंचेपाशीं उभें राहण्याचेंही त्राण उरलें नसेल त्यांनीं दडपे पोहे करावे. पातळ पोहे, ओलें खोबरें, बारीक चिरलेला कांदा, लिंबू, मीठ, साखर, नारळाचें पाणी असेल तर तें, आणि वर लहानशी फोडणी. सारें कालवून वजनाखालीं पंधरा मिनिटें दडपून ठेवावें. नांव त्यावरूनच पडलें.

यंत्रांविषयीं माझा आकस नाहीं. १९१० सालीं कलकत्त्याच्या इंदुमाधव मल्लिक यांनीं कोळशाच्या धगीवर वाफेनें डबे शिजविणारा इक्मिक कुकर काढला, तेव्हां एकट्या राहणाऱ्या कितीतरी नोकरदारांची व विद्यार्थ्यांची खाणावळ त्यानें सोडविली. पुढें आलेल्या प्रेशर कुकरांत वाफ कोंडल्यामुळें पाणी १०० ऐवजीं सुमारें १२० अंशांवर उकळतें, आणि तासाचें काम घटकेंत होतें. अशीं साधनें जरूर वापरावीं. बाहेरून जेवण मागविण्यासही प्रसंगीं कांहीं हरकत नाहीं. हरकत एवढीच कीं, तापांतून उठलेल्या मुलाला जें हवें असतें तें बहुधा त्या यादींत नसतें.

यंदाच्या वैशाखांत मीं मेतकूट केलें. पहिली खेप कडू झाली. मेथ्या करपल्या होत्या. दुसऱ्या खेपेस मंडळी शेजारीं बसल्या आणि ज्या क्षणीं त्या “आतां!” म्हणाल्या त्या क्षणीं मीं कढई उतरविली. तो वास वहींत लिहितां येत नाहीं. पण तो कोणता हें आतां मला ठाऊक आहे. त्यांचें मनगट अजून पुरतें वळत नाहीं, आणि डॉक्टरांच्या मतें आतां तें तसेंच राहावयाचें. बरणी मात्र भरली. नातीनें चाखून सांगितलें, “आजीच्यासारखं नाहीं झालं, आजोबा, पण मला चालेल.” वर्गांत मीं अनेकांस असेच काठावर पास केलें आहे, तेव्हां तक्रारीस जागा नाहीं.

वाचकांस विनंति इतकीच. आपल्या घरीं ज्या वडील बाई असतील, आई, आजी, मावशी, आत्या, त्यांच्याजवळ एका रविवारीं वही व वाटी घेऊन बसावें. त्या ‘अंदाजानें’ म्हणतील. त्यांचा अंदाज त्यांच्याकडूनच वाटींत ओतवून घ्यावा, आणि मापून लिहावा. मग कढईही स्वतःच हातीं घ्यावी, म्हणजे त्या समोर आहेत तोंवर चुका दुरुस्त करून घेतां येतील.